मामांच्या सीलबंद बाटल्या

माझ्या बायकोच्या मामांइतका दुसऱ्याच्या लघवीचा आदर करणारा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. नव्वदीच्या दशकात ते खेळातल्या डोपिंगविरुद्ध, म्हणजे उत्तेजक औषधांविरुद्ध, काम करणाऱ्या एका राष्ट्रीय संस्थेसाठी स्पर्धांमधून खेळाडूंचे नमुने गोळा करायचे. एका नमुन्याच्या दोन बाटल्या करायच्या, दोन्हींना सील लावायचं, आकडा टाकायचा, सही घ्यायची. नवीन पनवेलला घरी परतले तरी हात काही थांबत नसत. मामींनी लोणचं घातलं की त्याच्याही दोन बरण्या व्हायच्या, 'अ' आणि 'ब'. 'ब' उघडायला साक्षीदार लागायचा. जावई म्हणून मीही एकदा सही ठोकलेली आहे. लग्नात कुणी सरबताचा पेला पुढे केला की हे विचारणार, "माझ्यासमोर ओतलंत का?" मामींना तोंड कुठे लपवू असं होऊन जायचं.

सर्दीच्या औषधाशी तर त्यांचं हाडवैर. काही साध्या औषधांतला एक घटक खेळाडूंना चालत नसे आणि गव्हाण गावची एक धावपटू मुलगी सरावासाठी त्यांच्याकडेच राहायची, म्हणून घरात तसली बाटली आणायला बंदी. राष्ट्रीय स्पर्धेत पदक मिळालं तर तिला रेल्वेत नोकरी लागणार होती. शर्यतीच्या आदल्या दिवशी पोर शिंकून शिंकून बेजार झाली. मामींनी मायेपोटी रव्याच्या डब्यात लपवलेली बाटली काढून तिला दोन चमचे पाजले. मामांनी मोरीतला चमचा उचलून हुंगला आणि सरळ फोनपाशी गेले. "औषध माझ्याच घरात दिलंय. तिचं नाव उद्याच्या शर्यतीतून काढा," असं त्यांनी स्वतःच आयोजकांना कळवलं.

मामी आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मलाही राग आला होता. एवढं सोवळं काय कामाचं? मुलीचे वडील आले आणि दारातूनच म्हणाले, "मामा, तुमी गप रायले असते तं कोनाला समजलं असतं?"

"मला," मामा म्हणाले.

वडील मुलीची पिशवी उचलून निघून गेले. नोकरी हुकली, पुढे तिचं धावणंही सुटलं आणि लग्न होऊन ती उरणला गेली. मामा तिचं नाव काढत नसत, पण जेवताना मधेच त्यांचा घास हातातच राहायचा.

दोन वर्षांनी तिचे तेच वडील धाकटीला घेऊन आले. तिची पिशवी त्यांनी मामांपुढे ठेवली. "थोरलीच बोलली, हिला मामांकडंच ठेवा. दुसरीकडं नाय."

मामा चष्मा काढून नुसतेच पुसत राहिले, शेवटी मामींनीच पोरीला आत नेलं. मामांना रडताना मी पाहिलं ते तेवढंच, आणि दोन वर्षं त्यांच्यावर मनातून रागावून राहिल्याची मला फार लाज वाटली.