डोहाला सांगितलेली ओळख

आमच्या डोहाशी परक्या माणसाला नुसतं नेऊन उभं करता येत नाही. आधी त्याची ओळख करून द्यावी लागते. वस्तीत हे काम विनिफ्रेडकडे होतं, तिच्याआधी तिच्या आईकडे. आपल्या काखेतला घाम पाहुण्याच्या कपाळाला आणि छातीला चोळायचा, म्हणजे पाण्यातल्या जुन्या सापाला तो वास घरचा लागतो. मग मूठभर वाळू पाण्यात टाकून मोठ्यानं सांगायचं की ही माणसं माझ्याबरोबर आलीत, पाहुणी आहेत, पाणी पितील आणि परत जातील. डोहाला जे सांगाल ते तो खरं धरतो. ही समजूत आहे असं शहरातली माणसं म्हणतात. म्हणोत बापडी.

विनिफ्रेडचा जन्म याच कोरड्या नदीच्या वाळूत, पांढऱ्या खोडाच्या निलगिरीखाली झाला. परकरी वयात ती एका गोऱ्या मालकाच्या रानावर गुराख्यांसाठी पीठ मळायची. तिथल्याच एका गुराख्याशी लग्न केलं, तो घोड्यावरून पडून लवकर गेला. मागे एक मुलगा राहिला. तो मोठा झाला, वस्तीच्या संघातून अनवाणी फुटबॉल खेळला, आणि मग आमच्याकडच्या निम्म्या घरांत होतं तेच त्याचंही झालं, मूत्रपिंडं गेली. रक्त धुवायचं यंत्र लांबच्या शहरात, अ‍ॅलिसला. तो तिथंच राहायला गेला आणि तिथंच वारला. कित्येक वर्षांत पाऊस नव्हता, तो नेमका तेव्हा पडला, रस्ते तुटले आणि विनिफ्रेडला पोचता आलं नाही. गेलेल्याचं नाव आम्ही घेत नाही. म्हणून त्याचं नाव इथंही येणार नाही.

त्यानंतर विनिफ्रेड गुद्रुनच्या शिबिरात कामाला लागली. गुद्रुन जर्मन, इथं येऊन म्हातारी झालेली, मनानं चांगली. दर हिवाळ्यात ती शहरातली माणसं आणायची. ती माणसं वाळूत वळकट्या पसरून झोपायची, सकाळभर डोळे मिटून बसायची आणि एकमेकांशी बोलायची नाहीत. विनिफ्रेडला याचं फार हसू यायचं. आमची कुत्रीसुद्धा दिवसभर गप्प पडून असतात, त्यांच्या पाया कुणी पडत नाही, असं ती म्हणायची. पण पाहुण्यांवर तिचा जीव होता. त्यांच्यासाठी राखेत भाकरी भाजायची, मुळं खणून पांढऱ्या अळ्या खायला काढून द्यायची, आणि प्रत्येकाला नात्यात बसवायची. आमच्याकडे नातं नसलेल्या माणसाशी बोलायचं कसं तेच कळत नाही. एकदा गडबडीत एका दाढीवाल्याला तिनं जावई करून टाकलं. सासूनं जावयाकडे बघायचं नसतं, बोलायचं तर नाहीच. मग काय, शिबिर संपेपर्यंत ही बाई त्याला बघून झुडपाआड पळत होती आणि तो बिचारा आपलं काय चुकलं म्हणून गुद्रुनकडे रडकुंडीला आला. तेव्हापासून ती सगळ्या पुरुषांना सरसकट भाचे करायची.

त्या हिवाळ्यात रोरी आला. दक्षिणेकडच्या ओल्या, गार गावातला पोरगा, किडकिडीत, खांदे पडलेले. गाडीतून उतरून त्यानं चहाचा मग दोन्ही हातांनी धरला आणि पिण्याआधी वाफेत तोंड घातलं. विनिफ्रेडच्या हातातला डबा कलंडला. तिचा मुलगा चहा असाच प्यायचा.

डोहावर सगळे ओळीनं उभे राहिले. प्रत्येकाच्या कपाळाला तिनं घाम लावला. रोरीची पाळी आली तेव्हा तिचा हात त्याच्या छातीवर जरा जास्तच रेंगाळला. वाळू पाण्यात टाकली आणि तोंडातून निघून गेलं, “माझा लेक आलाय.” पुढचं काही तिनं म्हटलंच नाही. काठावर पाणी प्यायला उतरलेल्या मुनिया एकदम उडाल्या आणि मग कसलाही आवाज राहिला नाही. टाकलेल्या वाळूचा तरंगसुद्धा उठला नाही, असं मोनाचं म्हणणं.

मोना म्हणजे विनिफ्रेडची थोरली बहीण, जिभेला धार असलेली. आमच्या भाषेत बोललेलं पाहुण्यांना कळलं नव्हतं, पण तिला कळलं होतं. घरी येताना तिनं विनिफ्रेडला बाजूला घेतलं. परत जाऊन नीट सांग, भाचा आहे म्हण, परत जाणार आहे म्हण, असं बजावलं. विनिफ्रेड म्हणाली, उद्या सांगते. उद्या म्हणजे आमच्याकडे कधीही असतं.

दुसऱ्या दिवसापासून वस्तीची कुत्री रोरीवर भुंकेनाशी झाली. गुद्रुनवर ती अजून भुंकतात, इतक्या वर्षांनीही. टेकडीमागून डोहाकडे जायची आडवाट पाहुण्यांना कुणी दाखवत नाही, हा त्याच वाटेनं जायला लागला. बूट काढून टाकले. बाकीचे डोळे मिटून बसत तेव्हा हा उघड्या डोळ्यांनी पाण्याच्या पलीकडच्या कातळाकडे बघत राही. तिथं कातळाखाली एक सावली असते, ती भर दुपारीही हलत नाही. गुद्रुन खूश होती. हा किती खोल उतरलाय बघ, म्हणून ती विनिफ्रेडला कौतुकानं दाखवायची.

विनिफ्रेड त्याहून खूश होती, हे खरं तेच सांगायला हवं. तिनं निखाऱ्यात कांगारूचं शेपूट भाजलं आणि त्यातला मऊ भाग काढून त्याच्या पुढ्यात ठेवला. तो खाली मान घालून जेवायचा आणि ती बघत बसायची. किती तरी दिवसांनी ती गाणं गुणगुणत भांडी घासत होती. मोना टोमणे मारायची, “बरंय बाई तुझं. लोकांना नातू होतात, तुला ऐन म्हातारपणी लेक झाला.” विनिफ्रेड नुसती हसायची.

मग त्यानं जेवणं सोडलं. ताट पुढं केलं की म्हणायचा, जेवलो मी, तिकडे. तिकडे म्हणजे कुठं विचारलं की हात डोहाच्या दिशेनं करायचा. गालफडं बसली. अंगाला हात लावला तर ओल्या दगडासारखं गार लागायचं, आणि हे उन्हात.

एका सकाळी मोना विनिफ्रेडला हाताला धरून आडवाटेवर घेऊन गेली. वाळूकडे बोट केलं. आम्ही माणसाला तोंडापेक्षा पावलावरून आधी ओळखतो. रोरीचं पाऊल पहिल्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं होतं, लांब, सपाट, बाहेर फाकलेलं. वाळूत उठलेलं पाऊल ते नव्हतं. हे उजवं पाऊल आत वळलेलं होतं आणि करंगळीचा ठसाच नव्हता. लहानपणी शेकोटीत पाय पडून विनिफ्रेडच्या मुलाची करंगळी गेली होती. वस्तीत असं दुसरं पाऊल नाही.

“आता तरी कळतंय का?” मोना हळू आवाजात म्हणाली. “त्याला तू दार उघडून दिलंयस. आणि त्याला अंग कुणाचं मिळालंय ते बघ.”

विनिफ्रेड वाळूत बसली. तिनं त्या ठशावर तळहात ठेवला. “अजून थोडे दिवस, ताई,” ती म्हणाली. “मला त्याला शेवटचं बघताही आलं नव्हतं.”

“थोड्या दिवसांनी हा पोरगा उरेल का?”

विनिफ्रेड उठली आणि वस्तीकडे चालू लागली. त्याच संध्याकाळी चुलीपाशी रोरीनं तिला सांगितलं, “आँटी, दुपारी पाण्यातून मला कुणीतरी हाक मारतं. माझं नाव नाही घेत, दुसरंच घेतं.” आणि त्यानं ते नाव उच्चारलं. वस्तीत कुणी ते वर्षानुवर्षं तोंडातून काढलेलं नव्हतं, गुद्रुनला तर माहीतच नव्हतं. विनिफ्रेडनं त्याच्या तोंडावर हात दाबला. तरीही त्या क्षणी भीतीच्या आत तिला आनंद झाला होता. तो तिला स्वतःलाच कळला आणि स्वतःची शिसारी आली. पण डोहावर ती गेली नाही.

शिबिर संपलं. रोरीनं गुद्रुनला सांगितलं की मी राहतो. गुद्रुन बाकीच्यांना गाडीत घालून धावपट्टीकडे गेली. विनिफ्रेड स्वयंपाकाच्या शेडमध्ये एकटी होती तेव्हा उपग्रहाचा फोन वाजला. ती तो उचलत नसे, पण वाजायचा थांबेना.

पलीकडे एक बाई होती. रोरीची आई. आवाज दबलेला, फोन करून आपण चूक तर करत नाही ना असा. शिबिरात फोन करायचा नसतो हे मला माहीत आहे, म्हणाली, फक्त एकच विचारायचंय.

“तो जेवतो का? त्याचं कसंय, जिवाला लागलं की जेवण सोडतो आणि जेवलो म्हणून सांगतो. मला कळतं, पण दुसऱ्या कुणाला कळत नाही.”

विनिफ्रेडची नजर रोरीच्या न उष्टावलेल्या ताटावर गेली. ती बाई वाट बघत होती. तिच्या मागं कुठंतरी पाऊस पडत असल्याचा आवाज येत होता.

“तुम्हालाही मुलं असतील,” ती बाई म्हणाली. “म्हणून विचारलं.”

“पाठवते त्याला,” विनिफ्रेड म्हणाली आणि फोन ठेवला.

बाहेर ऊन डोक्यावर आलं होतं. रोरीची वळकटी रिकामी होती. विनिफ्रेडनं मोनाला हाक मारली आणि दोघी म्हाताऱ्या आडवाटेनं जमेल तितक्या पळत सुटल्या. कावळे झाडांवर बसलेले होते पण एकही ओरडत नव्हता. वाळूत त्या वळलेल्या पावलांची रांग सरळ पाण्यात गेली होती.

रोरी कंबरभर पाण्यात उभा होता, कातळाकडे तोंड करून. हिवाळ्यातलं ते पाणी हाडं फोडतं, पण तो कापत नव्हता. विनिफ्रेडनं “रोरी” म्हणून हाक मारली. तो हलला नाही. पुन्हा मारली. त्यानं एक पाऊल पुढं टाकलं आणि पाणी छातीला लागलं. कोणत्या नावाला तो वळेल हे तिला ठाऊक होतं. ते नाव तिच्या जिभेवर आलं होतं. एकदा घ्यावं, तो वळेल, तोंड दिसेल, असं तिला वाटलं. फार वाटलं. मोनाला तिचा दंड धरावा लागला नाही.

विनिफ्रेडनं वाळूची मूठ भरली आणि पाण्यात फेकली.

“ऐका,” ती ओरडली. “मी खोटं बोलले. हा माझा नाही. ह्याची आई दूर पावसाच्या गावात आहे, आज तिचा फोन आला होता. माझा लेक मेला. अ‍ॅलिसला मेला, दवाखान्यात, मी नसताना. मला लेक नाही. इथं माझं कुणी नाही. हा तिचा आहे, त्याला सोडा.”

‘माझा लेक मेला’ हे तिनं आजवर कधीच म्हटलं नव्हतं, अगदी रडतानाही नाही.

पाण्यात रोरी एकाएकी कुडकुडायला लागला. त्यानं आजूबाजूला पाहिलं, दात वाजत होते, आणि धडपडत, शिंतोडे उडवत तो काठाला आला. वाळूवर त्याची पावलं उमटली, लांब, सपाट, बाहेर फाकलेली. आपण इथं कसे आलो असं तो विचारत होता. भूक लागल्याचंही सांगत होता. मोनानं आपला स्वेटर त्याच्या खांद्यावर टाकला आणि त्याला पुढं घातलं. जाताना तिनं निलगिरीची एक फांदी मोडून विनिफ्रेडच्या हातात दिली.

मेलेल्याची पावलं झाडून काढायची असतात, नाहीतर त्याच पावलांवरून तो परत येतो. फांदी पाठीमागं ओढत, घराकडे तोंड करून चालायचं. वळून बघायचं नाही, उत्तर द्यायचं नाही.

विनिफ्रेडनं पाण्यापासून सुरुवात केली. फांदी वाळूवर खसखसत होती. थोडी पुढं गेली असेल, मागं पाणी निथळल्याचा आवाज आला. मग ओली पावलं. एक नीट पडत होतं, दुसरं आत घासत येत होतं. ती थांबली नाही. पावलं फांदीच्या टोकापर्यंत आली आणि तिच्याच चालीनं चालायला लागली.

“आई,” मागून आवाज आला, लहानपणी शेकोटीत पाय भाजला तेव्हा होता तसा. “मग मी कुणाचा?”

विनिफ्रेडच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायलाही तिनं फांदी सोडली नाही. उत्तर तिच्याकडे होतं, एकाच शब्दाचं. दिलं असतं तर तो राहिला असता. ती फांदी ओढत राहिली, टेकडीला वळसा घालून, वस्तीच्या पहिल्या घरापर्यंत, आणि तिथं फांदी आगीत टाकली. मोना भाकरी भाजत होती, पोरगा समोर बसून हावरटासारखा खात होता.

“झालं?” मोनानं विचारलं.

“झालं,” विनिफ्रेड म्हणाली. मग तिनं रोरीच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.