मधल्या काकू

मुलीचं पहिलं नाव आईबापांनी काहीही ठेवावं, काकूंची ना नसे. त्यांचा सगळा जीव मधल्या नावात. अमेरिकेत, आमच्या मॉरिसव्हिलमधल्या कुठल्याही मराठी घरात मुलगी झाली, की पेढे वाटून व्हायच्या आत काकूंचा फोन यायचा, "मधे काय लावताय?" म्हणून पाठीमागे आम्ही त्यांना मधल्या काकू म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि बहुधा आवडतही असावं. नवऱ्याच्या नोकरीपायी त्या फार वर्षांपूर्वी इकडे आल्या होत्या. काका गेल्यावर मुलाकडे, श्रीकांतकडे राहत होत्या.

"पहिलं नाव हौसेचं, आडनाव वारशाचं, मधलं नाव बापाचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यात तडजोड नाही. एका जोडप्याला शाळेत सोपं जावं म्हणून ईशाच्या पुढे 'ग्रेस' लावायचं होतं. काकूंनी चष्मा पुसत विचारलं, "ही ग्रेस कोण? तुमच्याकडे राहायला येणार आहे का?" ग्रेस तिथेच बारगळली.

बापाचं नाव लांबलचक असलं, तर त्या म्हणायच्या, "बाप बदलता येत नाही, मुलीचं नाव बदला." आमच्या ओळखीच्या एका पुरुषोत्तमने मुलीसाठी अपराजिता हे नाव हौसेने शोधलं होतं. काकू उठून मागच्या लाकडी डेकवर गेल्या आणि त्यांनी खणखणीत हाक मारली, "अपराजिता पुरुषोत्तम, जेवायला चल!" पलीकडचा गोरा शेजारी गवत कापायचं थांबवून बघायला लागला. "ऐकलंत? हाक संपेपर्यंत वरण गार होईल. रमा ठेवा." रमा ठेवलं. ती आता चांगली उंच झाली आहे आणि तिला ते नाव शोभतंही.

माझी मुलगी जन्मली ती मंदीच्या दिवसांत, दोन हजार दोनमध्ये. मला सातवा महिना असताना नवरा प्रोजेक्टसाठी कॅलिफोर्नियाला गेला, आणि मग तो परत येणार नाही हे मला फोनवर कळलं. कारणं त्याने बरीच सांगितली. मला एकही पटलं नाही, पण भांडायला अंगात त्राण नव्हतं. दिवसभर ऑफिसात सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, घरी येऊन सुजलेले पाय उशीवर ठेवायचे. पुण्याहून आईला व्हिसा मिळाला नाही. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, दवाखान्यात सोबत, सगळं काकूंनी केलं, आणि तेही मी न सांगता.

मुलीचं नाव जुई ठेवायचं हे मी आधीच ठरवलं होतं. हॉस्पिटलातली बाई घरी सोडण्याआधी पूर्ण नाव विचारायला आली, तेव्हा मी नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "माझं नाव मधे लावू नकोस, प्लीज. पुढे कॉम्प्लिकेशन्स नकोत." मुलगी कशी आहे हे त्याने त्यानंतर विचारलं.

मी काकूंना सांगितलं. मला वाटलं, त्या जवळ घेतील. त्या भडकल्या, पण माझ्यावरच. "तो कोण नको म्हणणारा? आणि तू ऐकून घेतेस? बापाचंच नाव लागणार. पोरीला उद्या कोणी विचारलं, तर?"

"काकू, मी खूप दमलेय हो. मधली जागा रिकामी ठेवते ना."

"रिकामी?" असं म्हणून त्या पर्स उचलून निघून गेल्या. मी भिंतीकडे तोंड करून रडले. नवऱ्याने सोडल्यावर रडले नव्हते, इतकी रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खिरीचा थर्मास घेऊन आल्या. त्यांचाही चेहरा ओढलेला होता. खीर वाटीत ओतता ओतता, माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या.

"मी पाळण्यात असताना माझे वडील निघून गेले. कुठे, ते शेवटपर्यंत कळलं नाही. आई आमच्याच शाळेत शिवण शिकवायची. तिच्या पगारावर घर. आणि हजेरीला रोज नाव कोणाचं, तर कुसुम विष्णू. मी उठून 'हजर' म्हणायचे, आणि हा विष्णू कुठे हजर आहे, असं मनात यायचं. लग्न झालं, नाव बदललं, तेव्हा सुटले."

"मग तुम्हीच सगळ्यांना बापाचं नाव लावायला सांगता ते?"

"ज्यांचे बाप घरात आहेत त्यांनी लावावंच गं. केवढं भाग्य असतं ते! मला वाटायचं, बाप नाही तर नाही, नाव तरी असावं. काल घरी गेले आणि बसून राहिले. नुसत्या नावाने काही होत नाही, सुजाता. तुझं लाव. जी उठून दूध पाजणार तिचं."

मग पाळण्यावर वाकून त्यांनी हलकेच हाक मारली, "जुई सुजाता." क्षणभर कान देऊन म्हणाल्या, "छान वाटतंय." त्यांच्या तोंडून ते ऐकून मला किती बरं वाटलं, ते आजही नीट सांगता येत नाही.

मराठी मंडळात कुजबुज झालीच. काकूंनी गणपतीच्या आरतीनंतर सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "मी सुचवलंय. कोणाला काही विचारायचंय?" कोणाला काही विचारायचं नव्हतं. आणि पुढच्या बारशाला त्या पुन्हा "मधलं नाव बापाचं" म्हणायला मोकळ्या.

जुई पाच वर्षांची असताना काकू गेल्या. एका दुपारी आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. त्यांच्यामागे मी बरेच दिवस कशातच मन घालू शकले नाही. ऑफिस आणि मुलगी आवरून दमून घरी यावं, आणि फोन करायला कोणी नसावं.

वर्षश्राद्ध झालं, पितृपक्ष आला. श्रीकांतने आम्हा दोघींनाही जेवायला बोलावलं होतं. आमचे गुरुजी आठवडाभर बँकेत कोडिंग करतात आणि शनिवार-रविवारी सोवळं नेसतात. श्रीकांत तीळ आणि पाणी घेऊन बसला होता. वडिलांकडची नावं झाली, आईचं झालं, मग गुरुजींनी आईच्या वडिलांचं नाव विचारलं.

"विष्णू," श्रीकांत पटकन म्हणाला. आईच्या माहेरच्या नावातच होतं ते.

"आणि त्यांची पत्नी? तुमच्या आईची आई?"

श्रीकांतने बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आई तिला नुसतं आई म्हणायची. नाव कधी निघालंच नाही हो."

"हरकत नाही. सपत्नीक म्हणा, चालतं," गुरुजी म्हणाले आणि पुढे गेले. न पाहिलेल्या विष्णूला नावानिशी पाणी मिळालं. मला त्या माणसाचा राग आला, गुरुजींचाही आला, खरं तर त्यांचा काही दोष नव्हता.

जुई मला टेकून बसली होती. तिने हळूच विचारलं, "आई, व्हॉट वॉज हर नेम?"

"ती शिवण शिकवायची," मी म्हटलं. त्यापलीकडे मला काही माहीत नव्हतं.