रस्त्याकडेची शेवंती

लग्न होऊन श्रीरामपूरहून केडगावच्या पुढे सासरी आले, तेव्हा आमच्या शेवंतीकडे फक्त व्यापारी बघायचे. आता दसऱ्याच्या आधी रान पिवळंधमक झालं, की सुट्टीच्या दिवशी रस्त्याकडेला गाड्यांची रांग लागते. कुणीतरी आमच्या शेताचा व्हिडिओ टाकला, तेव्हापासून हे सुरू झालं.

पहिल्या वर्षी आम्हालाही कौतुक वाटलं. सासूबाई येणाऱ्यांना प्यायला पाणी द्यायच्या. मग लोक थेट सऱ्यांमध्ये शिरू लागले. झाडं मोडायची, ठिबकच्या नळ्या तुटायच्या, आणि ऐन तोडणीत बायकांना पाटी घेऊन बाहेर पडायला वाट मिळेना. नवऱ्याने दोरी बांधली, तर लोक खालून वाकून आत येत. पुढच्या वर्षी तारेचं कुंपणच घालतो, असं तो चिडून म्हणाला.

पुढच्या लागणीला सासूबाईंनी रस्त्याकडेच्या पट्ट्यात सऱ्या लांब लांब पाडायला लावल्या. जागा वाया जाईल, म्हणून नवरा कुरकुरला.

"लोकं येणारच हायेत," त्या म्हणाल्या. "त्यांना चालायला वाट दिली, तर झाडावर पाय पडायचा न्हाई."

बाकीच्या रानाच्या कडेला त्यांनी मक्याच्या दाट ओळी लावल्या. ही युक्ती जमली. लोक पुढच्या पट्ट्यात फोटो काढत हिंडायचे आणि मक्याआड आमची तोडणी निवांत चालायची.

दसऱ्याच्या तोंडावर लग्न ठरलेलं एक जोडपं फोटोग्राफर घेऊन आलं. मुलीला फुलं उधळायची होती. सासूबाईंनी बाजारात न चालणारी, जास्त उमललेली फुलं पाटीभर आणून दिली. मुलगी हरखली. आजी, तुम्हीपण फोटोत या, म्हणून तिने किती आग्रह केला. पण सासूबाई पदर सावरत घरात निघून गेल्या.

संध्याकाळी गाड्या गेल्यावर त्या माझ्याजवळ आल्या.

"माजा पन एक काढ."

शेवंतीत त्या हात बांधून ताठ उभ्या राहिल्या. मी हसा म्हटलं, तर आणखीच गंभीर झाल्या. फोटो दाखवला, तेव्हा बोटांनी मोठा करून त्यांनी आधी मागची झाडं पाहिली.

"ह्या कडंला करपा आलाय. उद्या फवारून घ्यायला सांग."

मग फोटोतल्या स्वतःकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "ह्यो काष्टीला माज्या भावाला पाठव."