झाकणाखालचा धूर

अमळनेरच्या एस.टी. स्टँडमागे असलमभाईंचं पत्र्याच्या शेडमधलं दुरुस्तीचं दुकान आहे. माणूस अडुसष्ट वर्षांचा आणि हट्टी. मुलीनं मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख दोनदा घेतली, दोन्ही वेळा हे कुणाच्या तरी विहिरीवर इंजिन उघडून बसलेले. शेतावरची डिझेल इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. आता शेतात विजेच्या मोटारी आल्या, सोलर आलं, इंजिनं भंगारात गेली. तरी असलमभाई रोज नवाला दुकान उघडतात, कारण घरी बसून करायचं काय हे त्यांना कुणी शिकवलेलंच नाही.

भिकन त्यांच्याकडे आला तो इंजिन घेऊन नाही, नावेची मोटार घेऊन. भिकन तापीकाठचा भोई. बंधाऱ्यात पाणी अडवल्यापासून त्याच्या गावासमोर नदी चांगलीच रुंद झाली आहे. पलीकडच्या मळ्यांत कामाला जाणाऱ्या बाया त्याच्या नावेतून जातात. पुलावरून जायचं तर पंचवीस किलोमीटरचा वळसा. दोन वर्षांपूर्वी भिकनचा उजवा खांदा निखळला, तो नीट बसलाच नाही. वल्हं मारणं संपलं. मग त्यानं सुरतेच्या भंगारातून नावेच्या मागे लावायची जुनी पेट्रोलची मोटार आणली. पन्नास वर्षांची, सगळा जन्म खाऱ्या पाण्यात काढलेली. ती चालली तर नाव चालणार, नाहीतर नाव काठावर पालथी घालायची. सरळ हिशेब होता.

मोटार निम्म्या नदीत गेली की गुदमरायची आणि बंद पडायची. असलमभाईंनी कार्बोरेटर धुतला, प्लग बदलला, मोटार पाण्याच्या पिंपात उभी करून दोरी ओढली. तासभर झकास चालली. भिकन ती गोणपाटात गुंडाळून घेऊन गेला आणि चौथ्या दिवशी परत आला. पुन्हा पिंप, पुन्हा झकास. असं तीनदा झालं. तिसऱ्या खेपेला असलमभाई भडकले. नावेत माणसं जास्त कोंबतोस, पेट्रोलात रॉकेल घालतोस, असं नाही नाही ते बोलले. भिकननं सगळं ऐकून घेतलं.

"तुमनाकडे चालस, नदीमा मरी जास," तो म्हणाला. "मी काय करू असलमभाई, नदी आठे लई येऊ का?"

दुसऱ्या दिवशी असलमभाई स्वतः घाटावर गेले. भिकननं मोटार नावेला कसली, दोरी ओढली, आणि वर झाकण बसवून त्याचा खटका दाबला. असलमभाई बघतच राहिले. शेतावरचं इंजिन उघडंबोडकं असतं. झाकण घातलेलं इंजिन त्यांनी कधी चालवलेलंच नव्हतं. दुकानात मोटार आली की ते आधी झाकण काढून कोपऱ्यात ठेवत, आणि सगळी तपासणी झाल्यावर, मोटार बंद करून, परत लावत. तीनदा तेच केलं होतं.

मोटारीचा धूर तिच्या पाण्यात बुडालेल्या खालच्या पायातून सुटायला हवा. तो वरच कुठेतरी फुटत होता, झाकणाखाली कोंडत होता, आणि मोटार हवा म्हणून आपलाच धूर ओढून घुसमटत होती. चाळीस वर्षं इंजिनात घालवलेल्या माणसाला हे पिंपापाशी समजू नये! त्यांनी भिकनची माफी मागितली नाही, तेवढं त्यांना जमत नाही. झाकण काढून चालव, मी बघतो, म्हणाले.

झाकणाशिवाय मोटार चालली. पण भिकनची बायको बेबाबाई मागेच, मोटारीला खेटून बसते, कारण नावेत झिरपणारं पाणी मागेच साचतं आणि ते डब्यानं उपसत राहावं लागतं. सगळा धूर तिच्या तोंडावर. आठवड्याच्या आत तिला घेरी आली आणि ती डब्यासकट नावेच्या कडेवर आडवी झाली. बायांनी पदर धरून ओढली म्हणून बरं.

मग असलमभाईंनी मोटार मुळापर्यंत उघडली. आठ बोल्टांपैकी तीन पाना लावताच तुटले, मिठानं आतून खाल्लेले. धुराच्या वाटेवरच्या ॲल्युमिनियमच्या पत्रीची, पातळ पत्र्याची, चाळण झालेली, मधोमध बोटाएवढं भोक. त्यांनी पॅकिंग कापून बसवलं, ते दोन दिवसांत जळालं. जाड बसवलं, तेही जळालं. धुळ्यात देवपूरच्या वेल्डरकडे गेले. त्याच्या पहिल्याच ठिणगीला ॲल्युमिनियम काकवीसारखं वाहिलं आणि बोटाएवढं भोक मुठीएवढं झालं. जळगावला मशिनरीच्या दुकानात अर्पित नावाच्या तरुण मालकानं मोबाईलवर बराच वेळ शोधलं. मुलगा भला. हे मॉडेल बंद होऊन चाळीस वर्षं झाली काका, म्हणाला, आता नवीच घ्या. असलमभाईंनी पत्री पिशवीत घातली आणि गाडी पकडली.

भिकन दुकानात बाकड्यावर वाट बघत होता. असलमभाईंनी त्याला सरळ सांगितलं, "ही होणार नाही. माझ्याकडून नाही, कुणाकडूनच नाही."

भिकननं पत्री हातात घेतली, उलटून पाहिली. मग म्हणाला, सगळं बठ्ठं जसं होतं तसं बांधून द्या, झाकणाशिवाय चालेल तितकी चालवू.

असलमभाईंनी नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणून त्याला द्यायला दुसरं होतं काय? त्यांनी भोकावर पत्र्याचा तुकडा ठोकला, तुटक्या बोल्टांच्या जागी तार आवळली. असलं काम त्यांनी आजवर कुणाला करून दिलं नव्हतं. बेबाअक्काला पुढे बसव, एवढं मात्र पुन्हापुन्हा बजावलं. पुढे बसली तर मागचं पाणी कोण काढणार, भिकननं विचारलं. खांद्यामुळे त्याला एका हातानं मोटार धरणंच कसंबसं जमे. असलमभाईंनी मोटार गोणपाटात गुंडाळून दिली.

चार दिवसांनी सकाळी त्यांनी भिकनला फोन लावला. बेबाबाईनं उचलला. मागे मोटार कानठळ्या बसवत होती. म्हणजे ही तिच्याजवळच बसलेली.

"अक्का, पुढे सरका," असलमभाई म्हणाले. "तोंड वाऱ्याकडे करा."

तिला ऐकू येईना. काय म्हणता, काय म्हणता, ती विचारत राहिली, मध्येच खोकली. असलमभाई दुकानाबाहेर रस्त्यावर येऊन ओरडले, पुढे सरका. रिक्षावाले वळून बघू लागले. पलीकडून तिचा "आवाज येत नही, भाऊ" एवढाच आला, आणि मग नुसती मोटार.