अर्ध्या गाडीची फिर्याद

ती चोरी आठवली की आजही मला आधी हसू येतं, तपास मागाहून आठवतो. तेव्हा मी कुंभकोणमला पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी चाळत होतो, तेवढ्यात मेलकावेरीचे एक निवृत्त अभियंते आत आले. आमच्यासारखेच तंजावरी मराठी. दारावरची माझी पाटी वाचून त्यांनी तमिळ सोडलं आणि घरच्या बोलीत सुरुवात केली.

"सार, माझी अर्धी वंडी चोरीस गेली!"

वंडी म्हणजे गाडी. मोटरसायकल अंगणात जागच्या जागी होती. तिला जोडलेली साइडकार तेवढी गेली होती. नवरा-बायको लग्नाला गेले असताना भर दुपारी एक माणूस टेम्पो घेऊन आला आणि नट-बोल्टांवर पाने चालवून ती सोडवून घेऊन गेला. शेजाऱ्यांना वाटलं, मेकॅनिक असेल. एका बाईंनी त्याला ताकही दिलं.

हसण्यासारखी गोष्ट नव्हती. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, कमरेचं ऑपरेशन झालं होतं. मोटरसायकलवर बसता येत नव्हतं आणि रिक्षाच्या हादऱ्यांनी कळा यायच्या. म्हणून काकांनी दार, पायरी आणि जाड गादी असलेली साइडकार खास बनवून घेतली होती. ती गेली तसं काकूंचं बाहेर पडणंच बंद झालं.

"वर्णन सांगा," मी म्हणालो.

"वेग वाढविला कीं डावीकडे ओढते. ब्रेक दाबला कीं उजवीकडे पळते. वळणावर आंग झुकवून उपयोग नाहीं, हँडलच वळवावें लागतें. डावें वळण तर फार सावकाश! रिकामी असली तर तिचें चाक उचलतें. म्हणून ही नसली कीं वाळूची गोणी ठेवतों."

हवालदाराचं पेन थांबलं. "काका, रंग?" मी विचारलं.

"निळा," ते म्हणाले, आणि पुन्हा ब्रेककडे वळले.

गुन्हा नोंदवला, नाक्यांवर कळवलं. गल्लीतला कॅमेरा पाहिला तर त्याचं तोंड शहाळ्यांच्या गाडीकडे होतं. काही दिवस हाती काहीच लागलं नाही. मग सुंदरपेरुमाळ कोयिल गावच्या एका चहावाल्याचा फोन आला. केळीची पानं भरलेली साइडकारवाली मोटरसायकल वळणावर न वळता सरळ भाताच्या शेतात शिरली होती आणि सगळं गाव ती ओढून काढत होतं. साइडकार लाल होती, पण रंग हाताला लागत होता.

गाडी आणि मालक, दोघांना ठाण्यात आणलं. केळीचा व्यापारी, इस्त्रीचा शर्ट, बोलणं थंड. "माझीच आहे, सार. तिरुचीला करून घेतली. कित्येक वर्षं चालवतोय."

साइडकार हाताने बनवलेली, तिच्यावर कुठलाही नंबर नाही. ताजा रंग संशयापुरता; बाकी काकांचा शब्द आणि याचा शब्द, एवढंच हाती होतं. मी सहज विचारलं, "चालवायला कशी आहे?"

"लोण्यासारखी! कसलाच त्रास नाही."

तिथे माझे कान टवकारले. "मग मैदानात एक फेरी मारून दाखवा."

ओळख पटवायला काकूही आल्या होत्या. त्या काठी टेकत पुढे झाल्या. "मी आंत बसतें. मला लगेच कळेल."

"काकू, तुम्ही इथंच बसा," मी म्हणालो आणि आत वाळूची गोणी ठेवायला लावली.

त्याने गाडी सुरू केली. ती डावीकडे गेली. घाबरून त्याने ब्रेक दाबला, तशी उजवीकडे फिरली आणि ठाण्याच्या कुंड्यांमध्ये जाऊन थांबली. त्याला खरचटलंही नाही, पण जास्वंदी आडवी झाली.

"अय्यो!" काकू म्हणाल्या. "मला नेण्याआधीं यास शिकवा कोणी!"

त्याला कॉफी दिली आणि समोर बसवलं. कॉफी संपायच्या आत त्याने सगळं सांगितलं. काकूंना रस्त्यातून जाताना पाहून, पानं न्यायला हे बरं आहे असं त्याच्या मनात आलं होतं. पण पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. तिच्यामुळे जे हाती लागतं ते टिकतं. जोडाचा एक लोखंडी पट्टा गंजून अडकला होता, तो त्याने करवतीने कापला होता. अर्धा तुकडा काकांच्या मोटरसायकलवर राहिला होता. उरलेला त्याने आपल्या पंपाच्या खोलीतून काढून दिला. पंचांसमोर दोन्ही तुकडे जुळवले. करवतीच्या खुणा रेघेला रेघ लागल्या. पुढे त्याला शिक्षा झाली.

कोर्टाच्या हुकमाने साइडकार परत दिली, त्या दिवशी मी मुद्दाम मेलकावेरीला गेलो. काका दोन्ही चाकांच्या कडेने दोरी ताणून बसले होते. साइडकारच्या चाकाची पुढची बाजू किंचित मोटरसायकलकडे हवी आणि मोटरसायकल किंचित बाहेर कललेली हवी, नाहीतर माणूस बसल्यावर ती आत झुकते, असं त्यांनी मला समजावलं.

"दोरी पुरे झाली!" काकू ओरडल्या. "तिरुवलंचुळीचें देऊळ बंद होईल!"

त्या पायरीवरून आत बसल्या, दार लावून घेतलं आणि ताक देणाऱ्या शेजारणीला हात हलवत पांढऱ्या विनायकाच्या दर्शनाला निघाल्या.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. चोर वस्तूचं कौतुक करतो. मालक तिच्या खोडी सांगतो, कारण त्या त्याने रोज सोसलेल्या असतात. पुढे सायकलीच्या वादापासून म्हशीच्या वादापर्यंत मी पहिला प्रश्न हाच विचारायचो: हिचा त्रास काय? पुरावा म्हणून नव्हे. कुठे खणायचं ते कळावं म्हणून.

हे एकदा जेवताना बायकोला सांगितलं. तिने माझ्या घोरण्यापासून सुरुवात केली आणि सांबार गार होईपर्यंत थांबली नाही. मी कुणाचा, याबद्दल शंकेला जागाच उरली नाही.