वाढलं का?

रक्त तपासणाऱ्या विभागात त्यांना सगळे थेंबभाऊ म्हणत. नवजात बाळांच्या वॉर्डातून येणाऱ्या नळ्या करंगळीच्या पेराहून थोड्याच मोठ्या, आणि तळाशी रक्त जेमतेम थेंबभर. तेवढ्यात सगळ्या तपासण्या बसवायच्या म्हणजे तोकड्या कापडात अंगरखा बेतायचा. थेंबभाऊ तो बेतत आणि वर एखादी चिंधी शिल्लकही ठेवत, लागली तर असावी म्हणून.

बोलायला मात्र भारी कंजूष. विभागाचा नियमच तसा होता. तपासणाऱ्याने आकडा सांगावा, अर्थ डॉक्टरांनी लावावा. वॉर्डातून फोन आला की थेंबभाऊ आकडा वाचून दाखवत आणि कालच्या मानाने काय झालं ते एका शब्दात सांगत. वाढलं, उतरलं, नाहीतर जैसे थे. ही सवय घरीही शिरली होती.

"अहो, भाजीत मीठ बरोबर आहे ना?" बायको विचारी.

"वाढलंय."

"आणि माझं वजन?"

"जैसे थे."

"खोटं बोलताय," ती म्हणे, "पण बरं वाटतं ऐकायला."

लेकीचं पहिलं बाळ दिवस भरायच्या खूप आधी जन्मलं आणि याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत ठेवलं गेलं. मुलगा होता. तळहातावर मावेल एवढा, म्हणून सगळे त्याला पिल्लू म्हणू लागले. जावई बोटीवर नोकरीला, त्याला परतायला अवकाश होता. लेक वॉर्डाशेजारच्या, बाळांच्या आयांसाठी असलेल्या खोलीत राहत होती आणि सोबतीला तिची आई. आयांना बाळाजवळ सोडत ते सकाळी बऱ्याच उशिरा. पण सिस्टर थेंबभाऊंच्या ओळखीच्या, त्यामुळे सकाळच्या वजनाची बातमी आधी त्यांच्याकडे येई. बायको जिना उतरून विभागाच्या खिडकीशी येई, ज्या खिडकीतून नमुने आत घेतात तिथून डोकं आत घाली आणि विचारी, "वाढलं का?" थेंबभाऊ आत मशीनपाशी असत. तिथूनच म्हणत, "वाढलं." एवढ्यावर त्या दोघींचा दिवस निघे.

मग एके दिवशी पिल्लाचं पोट फुगलं. नळीने दिलेलं दूध हिरवट होऊन परत येऊ लागलं. डॉक्टरीणबाईंनी दूध बंद केलं, औषधं सुरू केली आणि थेंबभाऊंना बाजूला घेतलं. कमी दिवसांच्या बाळांच्या आतड्याला सूज येते, कधी ती आपणहून ओसरते, तर कधी आतड्याचा तुकडा मरतो, हे त्यांना नवीन नव्हतं. असे नमुने त्यांनी आयुष्यभर मशीनला लावले होते.

"कुठल्या वाटेने जाईल?" त्यांनी तरी विचारलंच.

"पोटावर हात ठेवून मला सांगता येत नाही, भाऊ. रक्तच सांगेल. सूज दाखवणारा सीआरपी चढत गेला आणि प्लेटलेट उतरत गेल्या, तर औषधांवर भागणार नाही असं धरायचं. पण तोही अंदाजच. खात्री कुणालाच देता येत नाही."

आयांच्या खोलीत फक्त एवढंच सांगण्यात आलं की पोट बिघडलंय, दूध थोडे दिवस बंद. लेक दूध काढून बाटल्यांत भरून ठेवत होती. फ्रिजमध्ये बाटल्यांची रांग लागली होती.

घरच्या माणसाचा नमुना दुसऱ्याने लावायचा, ही विभागाची पद्धत. थेंबभाऊंच्या जोडीला एक बाई होती. तिच्या तोंडाला लगाम नव्हता म्हणून तिला तुफान म्हणत. "आजोबांनी मशीनला हात लावायचा नाही," ती पिल्लाची नळी काढून घेत म्हणे. "तुमचा हात थरथरायचा आणि चुकीला नाव माझं लागायचं." थेंबभाऊ मुकाट्याने दुसऱ्या टेबलाशी जाऊन बसत. सीआरपी चढत होता, पण हळूहळू.

एका सकाळी तुफान रजेवर होती. नळी आली ती थेंबभाऊंच्या हातात. हात थरथरला नाही. उलट इतका स्थिर राहिला की त्यांचं त्यांनाच विचित्र वाटलं. त्यांनी नमुना लावला आणि पडद्याकडे बघत उभे राहिले. प्लेटलेट निम्म्यावर आल्या होत्या. मग सीआरपीचा आकडा उमटला. आदल्या दिवशीचा आकडा त्यांना तोंडपाठ होता. हा त्याच्या कितीतरी पुढे गेला होता.

नेमकी तेव्हाच खिडकीत चाहूल लागली.

"वाढलं का?"

"वाढलं," थेंबभाऊ म्हणाले. नजर पडद्यावरून हलली नव्हती.

आपण काय बोललो हे ध्यानात येऊन ते वळले, तोवर खिडकी रिकामी होती. चपलांचा आवाज जिन्यावर गेला होता, रोजच्यापेक्षा भरभर.

त्यांना मागोमाग जायचं होतं. पण इतका फरक आला की तपासणी पुन्हा करायची, हा दुसरा नियम. शिल्लक ठेवलेली रक्ताची चिंधी त्यांनी मशीनला दिली. आकडा तोच आला. त्यांनी वॉर्डात फोन लावला.

"मॅडम, नवीन नमुना पाठवता का? नळीतच काही गडबड असेल."

"प्लेटलेट?"

"उतरल्या. निम्म्यावर."

"मग गडबड नळीत नाही, भाऊ." डॉक्टरीणबाईंचा आवाज मऊ होता. "आणि त्याच्या अंगात रक्त आहे तरी किती? तुमच्या समाधानासाठी पुन्हा टोचू का?"

थेंबभाऊंनी फोन ठेवला. जन्मभर ते सिस्टरांना हेच ऐकवत आले होते, की बाळाचं रक्त वाया घालवू नका.

आयांच्या खोलीत गेले तर लेक खाटेवर पाय सोडून बसली होती. तिने चक्क केस विंचरले होते. आई तिला घासासाठी आग्रह करत नव्हती, ती आपणहून जेवत होती.

"या बाबा," ती म्हणाली. "दूध बंद असून पठ्ठ्याचं वजन वाढलं. किती वाढलं?"

"तुझ्या बाबांना आकडा विचार, अर्थ नको विचारूस," बायको हसत म्हणाली.

थेंबभाऊंनी तोंड उघडलं. सगळं एका दमात सांगून टाकायचं असं जिन्यात ठरवलं होतं. पण लेकीच्या हातातला घास अजून तोंडात जायचा होता. तो जाऊ दे, मग सांगू, असं म्हणत ते उभे राहिले. तो गेला, मग त्याच्या पुढचा.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई दारात आल्या. ताट बाजूला सरकवून त्या खाटेवरच बसल्या आणि साध्या शब्दांत बोलल्या. आतड्याची सूज हाताबाहेर चालली आहे, रक्तातला आकडा एकदम वाढला आहे, आत्ताच्या आत्ता पोट उघडून बघावं लागेल, सही लगेच हवी.

लेकीने बापाकडे पाहिलं.

"बाबा, तुम्ही तर म्हणालात वाढलं."

"तेच वाढलं, बाळा."

तिने सही केली. बायकोने लेकीचं ताट उचललं आणि ते कुठे ठेवायचं हे न सुचून हातात धरून उभी राहिली.

आतड्याचा मेलेला तुकडा काढून टाकला. पिल्लू जिवंत बाहेर आलं, नळ्यांनी वेढलेलं, आधीपेक्षाही लहान दिसणारं. पुढे काय, हे डॉक्टरीणबाई सांगेनात. त्यांनाही ठाऊक नव्हतं. शस्त्रक्रियेनंतरही सूज काही दिवस चढलेलीच राहणार, एवढंच म्हणाल्या. रक्ताची नळी पुन्हा रोज खाली विभागात येऊ लागली. ती आता तुफानच लावे, आणि तीसुद्धा गप्प राहून. थेंबभाऊ दुसऱ्या टेबलाशी बसून तिच्या पाठीकडे बघत. सगळी नोकरी आकडे काढण्यात गेली होती, पण हात घालून आकडा हलवता येत नव्हता.

बायको खिडकीशी यायची थांबली होती. मग एका सकाळी आली. डोकं आत घातलं नाही, चौकटीला हात लावून बाहेरच उभी राहिली.

"अहो."

"हं?"

"आधी एक सांगा. वाढायला हवं की उतरायला?"

थेंबभाऊ उठून खिडकीपर्यंत आले. कितीतरी दिवसांत इतक्या जवळ आले नव्हते.

"सीआरपी उतरायला हवा. प्लेटलेट वाढायला हव्यात."

"मग?"

"सीआरपी उतरला. थोडा."

"आणि त्या दुसऱ्या?"

"जैसे थे."

तिने मान हलवली. जिन्याकडे न जाता ती खिडकीखालच्या बाकावर बसली.

"तिला काय सांगू, ते नीट सांगा मला," ती म्हणाली. "सगळं वाक्य सांगा."

थेंबभाऊ खिडकीत वाकून उभे राहिले. वाक्य जुळवू लागले.