हिरडीच्या मसाल्याची फौज

कणीक मळून झाकली होती. मी सासूबाईंच्या चहात पोळी कुस्करत होते, कारण त्या कवळी लावायला तयार नव्हत्या. तेवढ्यात दार वाजलं.

दारात जफरभाई. सासूबाईंनी आतूनच आवाज ओळखला. "बरा आला रे जफर. वरून टोचते, जराशी घासून दे."

"देतो, मोतीकाकी." पण त्यांचं लक्ष नव्हतं. हातातलं वर्तमानपत्र त्यांनी माझ्यापुढे धरलं. "वहिनी, हे वाचा. मले एकट्यालेच असं दिसून राह्यलं का?"

बातमी नागपूरच्या प्रदर्शनाची होती. 'एका हातानं घडवली अडगावची फौज.' फोटोत राजदीपसाहेब, हातात ब्रश, समोर इवल्या सैनिकांच्या रांगा.

तो हात जफरभाईंचा होता, हे आमच्या आळीत सगळ्यांना माहीत आहे. तीस वर्षं ते दारव्ह्यात कवळ्या करतात. माप डॉक्टर घेतात, दात हे बसवतात. नागपूरच्या राजदीपसाहेबांना टेबलावर लढाया खेळायचा नाद. फासे टाकायचे, फूटपट्टीनं अंतर मोजायचं, सैनिक पुढे सरकवायचे. १८०३ सालची अडगावची लढाई त्यांना मांडायची होती, पण भोसल्यांचे सैनिक तयार मिळेनात. मिळायचे ते प्लास्टिकचे गोरे शिपाई, अंगठ्याच्या पेराएवढे. जफरभाई गरम पात्यानं त्यांच्या उंच टोप्या कापायचे, कवळीची हिरडी ज्याची करतात त्या गुलाबी मसाल्यानं पागोटी चढवायचे, बंदुकीचा हात उतरवून भाल्याचा लावायचे. दोन वर्षांत दोनशे चाळीस. एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा नाही.

"चहाच्या टपरीवर म्या सांगून ठेवलं होतं, फौज माह्या हातची आहे. आता तिथला बादल म्हनते, चाचा, तुमी तर फेकूच निघाले! सगळे हसले. मी काय बोलू?"

मला राग आवरेना. त्यांच्याच मोबाइलवरून साहेबांना फोन लावला, स्पीकरवर.

साहेब गोड बोलले. "अहो ताई, काकांना मी सुरुवातीलाच विचारलं होतं, नाव कोणाचं टाकू? ते म्हणाले, तुमचंच टाका. त्यांचा रेकॉर्ड केलेला आवाज आहे माझ्याकडे, पाठवू?"

मी जफरभाईंकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

"म्हनलो होतो," फोन ठेवल्यावर ते म्हणाले. "कवळीवर कारागिराचं नाव राह्यते का, वहिनी? डॉक्टरचं राह्यते. तीस साल हेच केलं. तोंडातून निघून गेलं."

"अन् कायले लागते नाव?" सासूबाई म्हणाल्या. "तुहं नाव कोरलेले दात मी घातले असते का?" स्वतःच्याच बोलण्यावर त्या बोळक्या तोंडानं हसल्या. जफरभाईही हसले, पण ते हसू पाहवत नव्हतं.

मी वही काढली. बी.ए.ला मराठी होतं माझं, पत्र चांगलं लिहिते. 'आपण एका कारागिराचे श्रम लाटले आहेत' असं पहिलंच वाक्य लिहून मोठ्यानं वाचलं.

"खोडा ते," जफरभाई म्हणाले.

"काहून? खोटं आहे का?"

"खोटं नाही. पन त्याच्यानं ते दारच बंद करतील." त्यांनी बातमीच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. प्रदर्शन फक्त निमंत्रितांसाठी. रविवारनंतर सगळी फौज बंगळुरूच्या एका शौकिनाकडे जाणार होती.

"एखाद्या मोठ्या वर्तमानपत्राला कळवू," मी म्हटलं. "तुमचे साचे आहेत, पाती आहेत, आम्ही साक्षीला आहोत."

"टपरीवाले हसले ते हसले. ते उद्या दुसऱ्याले हसतील." त्यांनी फोटोतल्या रांगांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "दहा झाले का कापसात गुंडाळून यष्टीनं धाडायचो. दहा गेले, मंग दुसरे दहा. सारी फौज उभी कशी दिसते, म्या पाह्यलंच नाही."

मी ती ओळ खोडली.

"असं लिहा वहिनी. साहेब, नाव नका लावू. रविवारी पेट्या भरायच्या आधी मले पंधरा मिनिटं आत येऊ द्या. मी हात लावनार नाही. नुसतं पाहून जाईन."